तलावाची कड, डेक आणि पेव्हर: ऊन-पाऊस काढल्यानंतरचा अनुभव

स्विमिंग पूलभोवतीची फरशी निवडताना सगळे आधी रंग बघतात. कडक ऊन आणि भरपूर पाऊस दोन्ही काढल्यावर माझं मत ठाम झालंय: आधी कड ठरवा, मग सांधा, आणि फरशी सगळ्यात शेवटी.

आमच्या तलावाच्या कडेला फिकट राखाडी ग्रॅनाइट आहे, फ्लेम फिनिशचं (ज्योतीने भाजून खरखरीत केलेलं), पुढची बाजू गोलवलेली. डेकवर, म्हणजे तलावाभोवतीच्या चालायच्या जागेवर, २० मिमी जाडीच्या खरखरीत पोर्सेलिन लाद्या आणि पलीकडे बसायच्या जागेत काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक.

कडेवर मी बेहद्द खूश आहे. कोपिंगचा, म्हणजे कडेवर बसवलेला, दगड तलावाच्या भिंतीपुढे थोडा आलेला आहे आणि त्याच्या पोटाला, पुढच्या कडेपासून जरा आत, एक बारीक खाच आहे. वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. पण कोणी निथळत वर आलं, की कडेवरून ओघळणारं पाणी त्या खाचेशी अडतं आणि तिथूनच थेंब थेंब खाली पडतं, मागे वळून तलावाच्या भिंतीच्या टाइल्सवर जात नाही. त्यामुळे टाइल्सवर ओघळांचे डाग अजून तरी नाहीत. ही खाच दगड कापतानाच मारून घ्या, बसवल्यावर ते काम होत नाही.

ट्रॅव्हर्टाइनचा मोह मलाही होता. पायाला तो तुलनेने कमी तापतो आणि दिसतो सुंदरच. पण पाण्याचा पीएच उतरवायला बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, आणि ट्रॅव्हर्टाइन, संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड आम्लाने खरवडले जातात. नमुन्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर दगड त्याच जातीचा. मिठावर चालणारा क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असेल तर सच्छिद्र सँडस्टोनही जपून घ्या. छिद्रांत मुरलेल्या पाण्यातलं मीठ सुकताना स्फटिक धरतं आणि पृष्ठभागाचे पोपडे निघतात. ग्रॅनाइट घेताना मात्र काळा टाळा, भर उन्हात त्यावर अनवाणी पाय ठरत नाही.

सांध्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं. तलावाचं काँक्रीट आणि बाहेरचा डेक ऊन-थंडीत आपापले हलतात. कोपिंगच्या मागची फट सिमेंटने भरली की तडा जातो, पाणी आत शिरतं आणि पुढे कोपिंगचे दगड सुटू लागतात. आम्ही फटीत आधी फोमची दोरी दाबून वर पॉलीसल्फाइड सीलंट भरून घेतलं. दोरीमुळे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही बाजूंना धरतं आणि रबरासारखं ताणतं. अजून कुठे सुटलेलं नाही.

पोर्सेलिन ओल्या पायांना उत्तम धरतं, पाणी जवळजवळ पीत नाही. तक्रार एकच: खरखरीतपणात मळ बसतो, सनस्क्रीनचे तेलकट ठसेही. ब्रश आणि सौम्य साबणाने निघतात, पण हात चालवावा लागतो. डेकचा ढाळ तलावाकडे नाही, बाहेरच्या नालीकडे आहे. पावसाचं गढूळ पाणी आत येत नाही.

पेव्हरवर सुरुवातीला पांढरी भुकटी आली. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तसा जमतो. पावसात ती हळूहळू धुवून गेली. आम्लाने धुवायची घाई करू नका, पेव्हरचा पृष्ठभागच खराब होतो. पेव्हर वाळूवर बसतात, त्यामुळे चारी बाजूंनी काँक्रीटची पक्की कड हवीच, नाहीतर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात आणि मागोमाग सांधे उघडतात.

दुकानात नमुना सावलीत, कोरडा बघू नका. घरी आणा, दुपारी उन्हात ठेवा, ओला करा, अनवाणी उभे राहा. आणि कोपिंगचे चार-पाच दगड त्याच लॉटमधले जास्तीचे घेऊन ठेवा. साधी लादी नंतरही जुळवता येते, पण तीच गोलाई आणि तीच छटा पुन्हा मिळणं कठीण.