तिसऱ्यांना कुठली वाईन? सोविन्यॉन की शेनिन

तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्या वाईनमध्ये शिजवायच्या तर रेड आधीच बाजूला ठेवतो, शिराझसारखी रेड मटणात मस्तच लागते पण कोलंबीत ओतलीत तर रंग असा करडा-जांभळा होतो की पोरं ताटाला हात लावत नाहीत. वर उकळून आटली की तुरटपणा अजून चढतो. तेव्हा प्रश्न उरतो दोन व्हाईटचा, सोविन्यॉन ब्लां की शेनिन ब्लां. द्राक्षं मूळ फ्रान्सची, पण आपल्याकडे दोन्ही नाशिकच्या सहज मिळतात.

नुसती प्यायची तर मी शेनिनच घेतो, खोटं का बोला. घरातही तीच आवडते. म्हणून पहिल्यांदा सिटीलाईटच्या मार्केटातून दोन वाटे तिसऱ्या आणल्या तेव्हा फ्रीजमधली शेनिनच वापरली, बटर, ठेचलेला लसूण, वर कपभर वाईन, निम्मी आटवली, मग तिसऱ्या टाकून झाकण. पाच मिनिटांत तोंडं उघडली, वास तर काय सांगू! आणि चव? गोड. म्हणजे गुळांब्यात तिसऱ्या टाकल्यासारखी. लिंबू पिळलं, मिरची घातली, गोडवा काही जाईना. नंतर डोक्यात प्रकाश पडला, आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर राहिलेली असते, ग्लासात ती जाणवतही नाही पण आटवताना पाणी आणि अल्कोहोल उडतं, साखर कुठे उडणार, ती तिथेच घट्ट होत बसते. तिसऱ्या स्वतः खारट, त्यामुळे ते जास्तच विचित्र लागलं.

सोविन्यॉनमध्ये हा ताप नाही. आंबट, कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, वासाला थोडी हिरव्या मिरचीसारखी, कालवणात कैरी घालतो ना तसं काम करते. सगळ्या बाटल्या सारख्या नसतात, तुमची शेनिन कोरडी निघू शकते, लेबलवर ड्राय लिहिलंय का बघा. आणि नारळाचं दूध किंवा क्रीम घालून चिकन करणार असाल तर शेनिन वाईट नाही, तिखटाला तो गोडवा चालून जातो.

बाकी कढई लोखंडाची किंवा साध्या अ‍ॅल्युमिनियमची नको, आंबटाने धातूची चव उतरते. अल्कोहोल सगळं उडतं हाही गैरसमज, पंधरा मिनिटं उकळूनही साधारण ४० टक्के उरतं, पोरांच्या वाटणीचं आधी वेगळं काढा. उरलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. आमच्या ट्रेमध्ये हल्ली सोविन्यॉनच असते, शेनिन ग्लासात.