नदीकाठ सुधार की धरण-कालव्याची कामं? मुठेकाठच्या लोकांनी कुठं जोर लावावा

पुण्यात आमच्या सिंहगड रोडच्या बाजूला सध्या दोन निवेदनं फिरतायत. एकात म्हटलंय की महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचं काम आमच्या टप्प्यापर्यंत लवकर आणा. दुसऱ्यात म्हटलंय की ते नंतर बघू, आधी खडकवासला धरणातून नदीत सोडायचं पाणी म्हणजे विसर्ग, टेमघर धरणाची गळती आणि कालव्याऐवजी करायचा तो फुरसुंगीपर्यंतचा बोगदा यांचं काय ते सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर बरेच जण विचारतायत की सही कशावर करायची. मी माझी केलेली आहे, कशावर ते पुढे कळेलच, पण दोन्ही बाजू जमेल तेवढ्या सरळ मांडतो. मी इंजिनिअर नाही, नदीला लागून राहणारा माणूस आहे एवढंच.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. 'नदीकाठाचे पैसे धरणाला द्या' असं कट्ट्यावर जे म्हणतात ना, ते तसं होत नसतं. नदीकाठ महापालिकेचा, धरणं आणि कालवा जलसंपदाचा म्हणजे राज्य सरकारचा. खिसेच वेगळे. इकडचं काम थांबलं म्हणून तिकडे रुपया जाणार नाही. मग निवड कसली करायची? तर आपल्या आवाजाची. नगरसेवक, आमदार यांच्याकडे आपण जाऊन जाऊन किती वेळा जाणार, प्रत्येक वेळी दहा मागण्या केल्या तर दहाही वाहून जातात, म्हणून एकच धरून ठेवायची तर कुठली, असा प्रश्न आहे.

नदीकाठ प्रकल्पाची माहिती सगळ्यांना आहे, ४४ किलोमीटर, मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा, खर्च ४,७०० कोटींच्या वर, ११ टप्पे. मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. तिकडे बंडगार्डनच्या बाजूला जे झालंय ते बघून या, मनापासून सांगतोय, न बघता शिव्या घालू नका. पायऱ्या, चालायचा रस्ता, बसायच्या जागा, संध्याकाळी बायका-मुलं, म्हातारी माणसं निवांत फिरतायत. पुण्यात नदीकडे पाठ करून बांधायची आपली जी सवय होती (मागच्या बाजूला नदी, म्हणजे कचरा टाकायची सोय), ती असल्या कामाने मोडेल असं वाटतं. दुसरं म्हणजे कठडा बांधून झाला की रातोरात राडारोड्याचा डंपर आणून पात्रात ओतणं अवघड होतं. हा फायदा लहान नाही. आमच्या बाजूला पात्र कसं आत आत सरकत गेलंय ते ज्यांनी वीस वर्षं बघितलंय त्यांना विचारा.

आता त्याची दुसरी बाजू. हे सगळं साबरमतीवरून घेतलंय, डिझाइन करणारेही तेच, अहमदाबादचे बिमल पटेल. पण साबरमतीत जे पाणी दिसतं ना निळंशार, ते नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं आणि खाली वासणा बॅरेजला अडवलेलं आहे. मुठेला असं आणून टाकायला पाणी आहे कुठे? पावसाळा संपला आणि खडकवासल्याचे दरवाजे बंद झाले की पात्रात जे वाहतं ते आपल्याच घरातलं. त्यासाठी जायकाचा, म्हणजे जपानी कर्जातला प्रकल्प आहे, ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी (रोज इतके दशलक्ष लिटर), केंद्राची मंजुरी २०१६ च्या आसपासची, आणि त्याचंही भूमिपूजन नदीकाठासोबत त्याच दिवशी झालं. म्हणजे पाणी साफ करायचं आणि काठ सजवायचा हे दोन्ही एकाच मुहूर्तावर निघाले. माझ्या अल्पबुद्धीला वाटतं की पाण्याची गाडी दोन-चार वर्षं आधी सुटायला हवी होती. मार्च-एप्रिलमध्ये त्या पायऱ्यांवर अर्धा तास बसून दाखवा, जलपर्णी आणि डास बघता मी काय म्हणतोय ते समजेल. झाडांचा मुद्दाही आहे, राम नदी जिथं मुळेला मिळते तिकडची झाडी वाचवायला लोक रस्त्यावर उतरले ते उगीच नाही, पण तो आमच्यापासून लांबचा टप्पा, त्यावर तिकडच्यांनी बोललेलं बरं.

धरणाकडची बाजू दिसायला फारच रुक्ष आहे. फोटो काढण्यासारखं काही नाही. चार धरणं, पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, मिळून २९ टीएमसीच्या थोडं वर (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). त्यातलं टेमघर ३.७१ टीएमसीचं, आणि बांधल्यापासून गळतंय म्हणून गाजलेलं, २०१७ पासून दुरुस्ती चालू आहे आणि अजून पैसे लागतायतच. मग तो कालवा, नवा मुठा उजवा, खडकवासल्यापासून शहराच्या पोटातून हडपसर, पुढे दौंड, इंदापूर. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये जनता वसाहतीपाशी तो फुटला आणि भर दिवसा दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं, आकाशात ढग नसताना पूर. त्याच्या जागी खडकवासला ते फुरसुंगी बोगदा करायचा, म्हणजे गळती, बाष्पीभवन, चोरी मिळून दोन टीएमसीच्या वर पाणी वाचेल असा जलसंपदाचा हिशेब आहे. लक्षात घ्या, खडकवासला धरण अख्खं १.९७ टीएमसीचं आहे. म्हणजे एक खडकवासला आपण दरवर्षी वाटेत सांडतो. (आणि शहराचं पाणी आता बरंचसं बंद पाइपातून पर्वतीला येतं तरी आपल्या गल्लीबोळांतल्या लाइनी काय कमी गळतात? त्यामुळे दौंड-इंदापूरच्या उसाकडे बोट दाखवताना जरा सांभाळून.)

या बाजूला मी आंधळेपणाने टाळ्या वाजवणार नाही. महाराष्ट्रात धरण म्हटलं की २०१२ चा सिंचन घोटाळ्याचा, सत्तर हजार कोटींचा तो सगळा गदारोळ आठवतोच, श्वेतपत्रिका, राजीनामा, चौकश्या. पाटबंधाऱ्याचं एस्टिमेट एकदा सुधारित झालं की पुन्हा पुन्हा सुधारित होतं. नदीकाठाचं काम निदान आपण रोज जाता-येता बघू शकतो, दगड बसला की नाही ते कळतं. बोगद्यात काय चाललंय ते कोण बघायला जाणार? शिवाय बोगदा झाल्यावर शहरातली कालव्याची जी जागा मोकळी होईल तिच्यावर किती जणांचा डोळा आहे हे सांगायला ज्योतिषी नको. हा नदीकाठाच्या बाजूने मोठा पॉइंट आहे आणि तो मी मान्य करतो.

तरी माझा काटा कुठं झुकला ते सांगतो, आणि कारण फार तात्त्विक वगैरे नाही. कारण आहे आमच्या पार्किंगमधलं ड्रेनेजचं चेंबर.

बाहेरच्यांना वाटतं की पूर म्हणजे नदी काठ ओलांडून समोरून येते. आमच्याकडे तसं होत नाही. नदीकडच्या बाजूला कंपाउंडची चांगली भिंत आहे, पाणी तिच्या खाली असतानाच आतल्या चेंबरचं झाकण आधी गुळगुळ आवाज करायला लागतं. मग कडेने काळं पाणी झिरपतं. मग झाकण एका बाजूने उचललं जातं आणि बघता बघता टू व्हीलरच्या सायलेन्सरपर्यंत. नदीची पातळी वाढली की नाल्याचं, ड्रेनेजचं पाणी नदीत जाऊच शकत नाही, ते उलटं येतं, पाठीमागून. भिंत समोर उभी आणि पाणी घरात. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट) पुढे गेला होता, सिंहगड रोडवरच्याच एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, लष्कराच्या बोटी आल्या होत्या. आमच्याकडे त्या मानाने कमीच म्हणायचं, पण लिफ्टचा खड्डा भरला, खालच्या मीटरची लाइट बंद करावी लागली आणि अंधारात लोक एकमेकांच्या गाड्या ढकलत चढावर नेत होते, चाव्या कुणाच्या कुणाकडे. पाणी ओसरल्यावर जो गाळ उरतो तो नुसता गाळ नसतो हे सांगायला नको, फिनेल ओतून ओतून वास जात नाही. आणि गंमत बघा, २०१९ ला यापेक्षा जास्त, ४५ हजारांच्या आसपास सोडलं होतं, तरी माझ्या आठवणीप्रमाणे आमच्या पार्किंगला २०२४ चंच पाणी वर आलं. धरणाखालच्या ओढ्यांचा पाऊस म्हणा, पात्रातला राडारोडा म्हणा, दोन्ही असेल.

तेव्हापासून दर जुलैत माझं एकच काम, रात्री फोन उशाशी घ्यायचा आणि फॉरवर्ड होत होत आलेला विसर्गाचा आकडा बघत बसायचं. १५ हजार, ठीक. २२ हजार, हं. २७ म्हटलं की स्कूटर हलवायची. हाच तो वैताग. नदीकाठ सुधारने माझ्या पुढ्यात कितीही सुंदर काठ बांधला तरी नदीची पातळी तीच राहिली तर चेंबरचं झाकण उचलणारच. नाल्याच्या तोंडाशी उलटं पाणी अडवणारी झडप बसवली, पंप ठेवले, तर गोष्ट वेगळी, पण मग त्या नाल्याचं मागून आलेलं पावसाचं पाणी पण आतच तुंबणार ना. शेवटी नदीत एका वेळी पाणी कमी यायला हवं, आणि ते ठरतं वर, धरणाच्या दारात.

इथे जरा आकडेमोड करून बघा, साधीच आहे. ३५ हजार क्युसेकने एक टीएमसी जायला आठेक तास लागतात. म्हणजे काठोकाठ भरलेलं खडकवासला, वरून थेंबही आला नाही तरी, सोळा तासांत रिकामं. एवढंसं भांडं आहे ते. घाटमाथ्यावर रात्री धो धो पडला की ते साठवणार कुठे, आलं तसं सोडावं लागतं. पण समजा जुलैच्या शेवटी त्यात अर्धा टीएमसी जागा राखून ठेवलेली असेल, तर चार तास मिळतात. पहाटे चारचं पाणी सकाळी आठला येणं म्हणजे काय हे ज्याने अंधारात गाडी ढकललीय त्याला विचारा. किंवा तेच पाणी आधीपासून थोडं थोडं सोडत गेलं तर ३५ चा आकडा २५ वरच थांबेल, कदाचित.

मग ठेवत का नाहीत जागा? कारण साधं आहे, भीती. आज सोडलं आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तर पुढच्या मे महिन्यात पुणे काय पिणार आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्याची उन्हाळी पाळी, म्हणजे आवर्तन, कुठून देणार. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दर वर्षी एकेका टीएमसीवरून जे होतं ते पेपरात वाचत असाल. त्यामुळे धरण लवकर भरलं की सगळ्यांनाच हायसं वाटतं, आपल्यालाही, खडकवासला भरल्याचे फोटो आपणच टाकतो स्टेटसला. म्हणून मला तो बोगदा महत्त्वाचा वाटतो. दोन टीएमसी वाचण्याची खात्री असेल, टेमघर गळतीच्या धास्तीशिवाय भरता येत असेल, तर जुलैत खडकवासला थोडं खाली ठेवायची हिंमत कुणीतरी करेल. उन्हाळ्याची गळती थांबली की पावसाळ्याचा पूर थोडा सुसह्य होतो, असा हा उलटा रस्ता आहे. शंभर टक्के असंच होईल म्हणत नाही. पण नदीकाठाच्या कुठल्याच टप्प्यात माझ्या चेंबरवर असा दूरचासुद्धा उपाय मला सापडला नाही.

जोडीला पाणलोटात पर्जन्यमापक आणि वेळेवरचा इशारा यांना नदीकाठाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैसे लागावेत असा माझा अंदाज. तेवढं झालं तरी आमच्यासारख्यांचं निम्मं काम होईल.

आता तुमचं काय? हे तुम्ही कुठं राहता यावर बरंच आहे. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा अशा बाजूला, जरा उंचावर, निळ्या रेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा) बाहेर घर असेल तर नदीकाठ सुधारचा उपयोग तुम्हाला रोजच्या रोज आहे, फिरायला जागा, आणि फ्लॅटच्या भावातही फरक पडेल. तुमच्या जागी मी असतो तर कदाचित पहिल्याच निवेदनावर सही केली असती, फक्त शुद्धीकरण केंद्रं आधी चालू करा अशी ओळ हाताने खाली लिहून. सिंहगड रोड, विठ्ठलवाडी, नदीपात्रालगतच्या वस्त्या, म्हणजे निळ्या रेषेच्या आत किंवा तिला खेटून असाल (आमच्याकडे पुराला २५ वर्षं थांबायची सवय राहिलेली नाही), तर मात्र दुसरं निवेदन वाचून बघा. ज्यांची शेती फुरसुंगीच्या पुढे आहे त्यांना तर मी काय सांगणार, त्यांना बोगदा हवाच आहे, फक्त वाचलेलं पाणी शहर गिळून टाकेल अशी त्यांना शंका आहे आणि आपला इतिहास बघता ती रास्तच म्हणायची.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी दोन्ही निवेदनांवर सही केली. ते पानशेत धरण फुटलं त्या वेळी शनिवार पेठेत सहा वर्षांचे होते, १२ जुलै १९६१. 'काठही हवा आणि धरणही नीट हवं, मी का निवडू' म्हणाले. त्यांना मी काही बोललो नाही. मी दुसऱ्यावर केली, आणि पहिलं घेऊन आलेल्या मुलांना चहा पाजून विचारलं की तुमच्या नकाशात आमच्या नाल्याचं तोंड कुठे दाखवलंय. ते विचारून सांगतो म्हणालेत.