रुंद डोक्याला बसणारं सायकल हेल्मेट: इंदूरातल्या दुकानाचा आणि हेल्मेटचा रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगतो. तुमचं डोकं समोरून रुंद आणि मागून चपटं असेल तर हेल्मेटच्या बॉक्सवरचं एम, एल वाचून काही उपयोग नाही. तो हिशोब फक्त घेराचा असतो. टेप भुवयांच्या बोटभर वर ठेवून डोक्याभोवती फिरवली, 58 आले, चार्टमध्ये 55 ते 59 म्हणजे एम, झालं काम. पण 58 घेराचं एक डोकं साडेपंधरा सेंटीमीटर रुंद आणि 21 लांब असू शकतं आणि दुसरं 17 रुंद आणि 20 लांब, घेर दोघांचा जवळपास तेवढाच, आणि पहिल्याला जे हेल्मेट झकास बसतं तेच दुसऱ्याची कानशिलं दाबून धरतं.

मी दुसऱ्या गटातला. आमच्याकडे लहानपणी मोहरीच्या उशीवर निजवायची पद्धत होती, त्यामुळे नातवाचं डोकं कसं गरगरीत झालं हे आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची. उशीचा त्यात किती हात आणि घराण्याचा किती ते सोडा, पण हे कौतुक हेल्मेटवाल्यांपर्यंत पोचलेलं नाही एवढं नक्की. युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांचे बरेचसे साचे लांबट डोक्यांचे असतात. आता त्यांच्यातल्याच काही जणी, लेझर, जिरो वगैरे, ठरावीक मॉडेलमध्ये 'एशियन फिट' नावाचा, रुंद गोलसर डोक्यांचा वेगळा साचा काढतात आणि जपानची काबुतो तर मुळातच तिकडच्या डोक्यांवर बेतलेली. पण ही माहिती आपल्याकडे काउंटरवर कोणी आपणहून देत नाही, तिथे विचारतात फक्त कलर कोणता देऊ.

जुनं हेल्मेट एका मोठ्या दुकानातून चार्ट बघूनच दिलेलं होतं, साइज बरोबर, स्टिकर वगैरे सगळं ओरिजिनल. सुपर कॉरिडॉरवर सकाळची छोटी चक्कर मारली तर काही कळायचं नाही, पण खंडवा रोडनं सिमरोलपर्यंत गेलं की परतताना दोन्ही कानशिलं ठणकायला लागायची, घरी येऊन काढलं की दोन्ही बाजूंना रुपयाएवढे लाल वण, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी कपाळाशी आणि मागे आरामात बोट जाईल एवढी फट. बाजूंना कोंडलेलं आणि पुढे-मागे रिकामं. हे दोन्ही एकदम दिसलं की समजायचं, साइज नाही, आकार चुकलाय.

यावर सगळे एकच सल्ला देतात, एक साइज मोठं घे. घेऊन बघा. कानशिलं सुटतात हे खरं, पण पुढे-मागे आणखी मोकळं होतं, मग हेल्मेट आवळायची मागची डायल पार शेवटापर्यंत पिळायची, आणि एवढं करूनही खड्ड्यात चाक गेलं की हेल्मेट पुढे घसरून चष्म्यावर येतं. जे हेल्मेट खड्ड्यात जागा सोडतं ते पडल्यावर जागेवर राहील ही आशा कशाच्या जोरावर ठेवायची? एका दुकानात तर मला सांगितलं की आतलं थर्मोकोल ब्लेडनं थोडं खरवडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. कृपा करून हे कोणाला करू देऊ नका. ते थर्मोकोल म्हणजे ईपीएस फोम, अपघातात तोच दाबला जाऊन धक्का खातो, म्हणजे हेल्मेटमधलं खरं काम करणारी वस्तू तीच, वरचं चकचकीत कवच नाही. तो फोम एकदा दाबला गेला की परत फुगत नाही, म्हणून तर जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदलायचं असतं. आतली कापडी पॅड बदला, पातळ लावा, जाड लावा, ती फक्त बसण्यापुरती असतात. फोमला हात नाही.

आमच्या कॉलनीतल्या काकांचा सल्ला वेगळाच. "अरे काय शोधत फिरून राहिलायस, स्कूटरचं घाल ना, ते तर सगळ्यांनाच बसतं." काका, ते किलोच्या वर असतं हो, आणि त्याला हवा जायला जागा कुठे असते. मे महिन्यात राळामंडलकडे चढावर ते घालून बघा एकदा. आणि त्यावरचा आयएसआय मार्क, आयएस 4151, तो मोटारसायकल-स्कूटरच्या हेल्मेटचा. सायकलच्या हेल्मेटमध्ये आत ईएन 1078 (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) लिहिलेलं शोधायचं. काहीच लिहिलेलं नसेल तर ती टोपी समजा.

आता दुकान. पलासियाच्या बाजूला आहे, छोटंसं, बाहेर सायकली टांगलेल्या, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. मालकांना मी चार्ट, घेर सगळं सांगायला लागलो तर त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिया, नंबर छोड़ो, कटोरा देखो." मग काउंटरवर एकाच साइजची दोन हेल्मेटं उलटी ठेवली. वरून बघितल्यावर फरक डोळ्यांना दिसतो, एकाचा आतला खळगा लांबट, कपाळाकडे निमुळता, दुसऱ्याचा चांगला गोलसर आणि कानांच्या वर रुंद. बाहेरून दोन्ही सारखीच. एवढी साधी गोष्ट मला आजवर एकाही सेल्समननं दाखवली नव्हती आणि वेबसाइटवर तर आतला फोटो असला तरी तिरका असतो, त्यावरून काही कळत नाही.

त्यांनी आधी रुंदी मोजायला लावली, तीही मजेशीर पद्धतीनं: दोन बाजूंना दोन खोके टेकवायचे, कानांच्या वर जिथे डोकं सगळ्यात रुंद असतं तिथे, डोकं अलगद बाहेर काढायचं आणि मधलं अंतर पट्टीनं मोजायचं. घरी दोन जाड पुस्तकं घेऊन करा, मदतीला कोणीतरी लागेल, माझ्या बायकोनं करून दिलं आणि आकडा तोच आला. लांबीसाठी भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून कपाळाला गुण्या लावायचा. रुंदीला लांबीनं भागा. माझं 17 भागिले 20, म्हणजे 0.85. हा आकडा 0.80 च्या वर गेला तर डोकं गोलातलं, 0.75 च्या खाली तर लांबट. लांबट डोकंवाल्यांचा त्रास बरोबर उलटा, त्यांना कपाळ आणि मागची बाजू टोचते आणि बाजूंना हेल्मेट हलतं, त्यांनी गोल कटोऱ्याच्या नादी लागू नये.

मग बसून ट्रायल. पट्टा न लावता फक्त डायल आवळायची आणि मान खाली घालून डोकं हलवायचं, हेल्मेट पडता कामा नये. दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे फिरवायचं, कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे, हेल्मेट एकटं सरकलं तर नाही चालणार. भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली व्ही होऊन यायला हवेत, हनुवटीखाली बोट-दोन बोटं जागा. हे सगळं बऱ्याच ठिकाणी करून दाखवतात. इथला खरा फायदा असा की त्यांनी ते हेल्मेट डोक्यावर ठेवूनच मला पंधरा-वीस मिनिटं स्टुलावर बसवून ठेवलं आणि स्वतः एकाची चेन बदलत बसले. कारण कानशिलांचं दुखणं लगेच कळतच नाही, दहा मिनिटांनी सुरू होतं. काढल्यावर आरशात बघितलं, वण नाही.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या डोक्याला बसलं म्हणून दहा जण तेच मागवतील आणि त्यातल्या निम्म्यांची कपाळं टोचतील. एशियन फिटमधलं आहे, तीन हजारांच्या आसपास, ईएन 1078 वालं, एवढं पुरे. याच मॉडेलमध्ये मिप्सवालंही होतं. मिप्स म्हणजे स्वीडनमधून आलेली सिस्टिम, आत एक पातळ सरकता थर असतो, डोकं तिरकं आपटलं तर हेल्मेट त्या थरावर दहा-पंधरा मिलिमीटर सरकतं आणि मेंदूला बसणारा पीळ कमी होतो. मला हवं होतं, पैसेही जास्त द्यायची तयारी होती, पण तो थर आतली थोडी जागा खातो आणि माझ्या डोक्याला नेमकी बाजूंनाच जागा नाही, परत तेच टोचणं सुरू. बसत नसलेल्या मिप्सपेक्षा बसणारं साधं बरं असं मालकही म्हणाले, महागडं विकायची संधी सोडून, हे लिहायलाच हवं.

हेल्मेट वापरून झालंय आता बऱ्यापैकी. सिमरोल करून आलो, कानशिलं शांत. जानापावचा चढ चढलो तेव्हाही डोक्यावर काही आहे हे विसरायला झालं होतं. तक्रारी आहेत. गोल साच्यामुळे समोरून जरा मोठं दिसतं, बायको मशरूम म्हणते, म्हणू दे. पुढच्या भोकांना जाळी नाही, संध्याकाळी शेतांच्या बाजूनं गेलं की एखादा किडा आत शिरतो आणि मग चालत्या सायकलवर जी कसरत होते ती विचारू नका. कपाळाचं पॅड घाम पिऊन दोन-तीन राइडमध्ये वास मारायला लागतं, वेल्क्रोवर आहे, काढून साबणानं धुता येतं, पण जादा सेट सोबत द्यायला हवा होता. डायलला टिकटिक कमी आहेत, म्हणजे एका खुंटीला सैल आणि पुढच्याला घट्ट असं होतं कधी कधी, टोपी घालून वापरलं की नीट जमतं.

दुकानात रविवारी सकाळी जाऊ नका, राइड संपवून पोहे खाऊन सगळा घोळका तिकडेच वळतो आणि ट्यूब, ब्रेक, पंक्चर यातच मालक अडकलेले असतात. आठवड्यात दुपारी चारनंतर गेलात तर निवांत सगळे कटोरे काढून दाखवतात. एशियन फिटमध्ये एल कधी कधी संपलेलं असतं, फोन करून विचारा. यूपीआय चालतं, घासाघीस चालत नाही, बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या.