पासिंग आणि सबमिशनचा जोडीने वॉर्म-अप : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातल्या आमच्या ब्राझिलियन जिऊ-जित्सू (जमिनीवर लढायचा, कुस्तीसारखा खेळ) क्लासचा वॉर्म-अप गेल्या पावसाळ्यात बदलला. आधी मॅटभोवती धावणं, जंपिंग जॅक, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत श्रिंपिंग (पडल्या पडल्या कंबर मागे सरकवत जाणं) असा ठरलेला क्रम होता. सरांनी धावणं पूर्ण बंद केलं, श्रिंपिंग आणि ब्रिजिंग (पाठीवर पडून कंबर वर उचलणं) पाचेक मिनिटांवर आणलं आणि उरलेला वेळ जोडीच्या ड्रिल्सना दिला. टोरिआंडो, नी कट आणि लेग ड्रॅग हे तीन पास, म्हणजे खालच्याच्या पायांचा अडसर (गार्ड) पार करून बाजूला जाणं; मग गार्डमधून आर्मबार (कोपर ताणणं), ट्रँगल (पायांनी गळा आवळणं), ओमोप्लाटा (पायांनी खांदा पिळणं) ही तीन सबमिशन, म्हणजे समोरच्याला हार मानायला लावणारे डाव. इतके महिने केल्यावर माझं मत असं झालंय की पासिंगसाठी हा वॉर्म-अप उत्तम आहे, सबमिशनसाठी निम्मा कामाचा आहे, आणि दोन्हीकडे सगळी भिस्त खाली झोपलेल्या जोडीदारावर आहे.

टोरिआंडोच घ्या. जोडीदार पाठीवर, गुडघे वर, पावलं माझ्या कमरेवर. मी गुडघ्यांजवळ पँटचं कापड धरते, नो-गी (जिऊ-जित्सूच्या जाड पोशाखाविना) असेल तर नडग्या. बघणाऱ्याला वाटतं, पाय एकीकडे ढकलायचे आणि दुसरीकडून पळायचं. खरं काम दाबण्यात आहे. हात सरळ, खांदे हातांच्या वर, आणि माझं वजन त्याच्या गुडघ्यांतून थेट मॅटमध्ये उतरलं पाहिजे. ते उतरलं की त्याची कंबर जागची हलत नाही आणि मला बाजूने जायला वेळ मिळतो. नुसतं ढकललं तर पाय लगेच परत मध्ये येतात. सांगून हा फरक कळत नाही. रोज उजवीकडून, डावीकडून करत राहिलं की हातांना तो आपोआप समजायला लागतो. रोलिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) माझ्यापेक्षा वजनदार मुलांचे गार्ड मला आता पार करता येतात, त्याचं श्रेय मी याच ड्रिलला देते.

पण झटपट उजवी-डावी करण्यात एक मोठा दोष आहे. आयबीजेजेएफ या ब्राझिलियन जिऊ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत गार्ड पासला 3 गुण मिळतात, ते पास झाल्यावर 3 सेकंद ताबा टिकवला तरच. ड्रिल वेगात केलं की शरीराला नेमकी उलटी सवय लागते: पोचायचं आणि निघायचं. कित्येक पांढऱ्या पट्टेवाल्यांचा (नवशिक्यांचा) पास सुंदर होतो आणि पुढच्या क्षणी खालच्याचा गुडघा आत आलेला असतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं. म्हणून आम्ही आता प्रत्येक पासनंतर छाती खाली टेकवतो, खांदा जोडीदाराच्या जबड्याला लावतो, मनात तीन मोजतो आणि मगच त्याला हिप एस्केप (तेच श्रिंपिंग) करून गुडघा आत घेऊ देतो. वेग कमी झाला. घाम तेवढाच येतो.

नी कटमध्ये अंडरहुक, म्हणजे समोरच्याच्या काखेखालून घातलेला हात, हाच प्राण आहे. गुडघा मांडीवरून तिरका सरकवताना हात काखेखाली गेला नसेल, तर खालचा माणूस तोच अंडरहुक स्वतः घेऊन आपल्या पाठीमागे येतो. खालच्याने ड्रिलमध्ये तो हात घालायचा खरा प्रयत्न केला नाही, तर वरच्याला ही धास्ती कधी कळतच नाही. लेग ड्रॅगबद्दल एवढंच सांगते, की ओढलेला पाय आपल्या कमरेने अडवून ठेवायचा, हाताने नाही.

आमच्याकडे कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला एक मुलगा आहे. वरून त्याचा दाब असा, की श्वास घ्यायला जागा सापडत नाही. खाली झोपायची पाळी आली की मात्र सुरुवातीला तो पास होताच पोटावर वळायचा. कुस्तीत खांदे टेकले की चीत, म्हणून पालथं होणं हा त्याच्यासाठी बचाव. इथे पालथं होणं म्हणजे पाठ देणं. हुक घालून (पावलं मांड्यांच्या आत अडकवून) पाठीचा ताबा मिळाला की समोरच्याला 4 गुण आणि वर गळा उघडा. सरांनी त्याला काही महिने मुद्दाम जास्त वेळ खालीच ठेवलं. आता तो पाठीवर राहून कंबर सरकवतो, हातांच्या फ्रेम (समोरच्याला दूर ठेवणारे टेकू) लावतो, आणि जोडीदार म्हणून माझी पहिली पसंती तोच असतो. हा बदल धावण्याच्या वॉर्म-अपने कधीच झाला नसता.

सबमिशनकडे वळते. ब्राझिलियन जिऊ-जित्सूचं मूळ ज्युदोत आहे. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले आणि तिथल्या ग्रेसी घराण्याकडे ही विद्या त्यांच्याकडून आली. ज्युदोत उचिकोमी असते: फेक पूर्ण न करता फक्त प्रवेश पुन्हा पुन्हा घोटायचा. सबमिशनची ही ड्रिल्स तशीच समजून करावीत. आर्मबारला पाय कमरेवर ठेवून आडवं फिरायचं, एक पाय काखेखाली चढवायचा, दुसरा चेहऱ्यावरून घ्यायचा, गुडघे आवळायचे, त्याचा अंगठा वर. इथपर्यंत ड्रिल छान शिकवतं. पुढे कंबर उचलून कोपर ताणणं आपण वॉर्म-अपमध्ये करत नाही, करूही नये, कारण सांधे अजून थंड असतात. त्यामुळे हात घट्ट बांधून बसलेल्या माणसाची पकड तोडणं, किंवा तो अंगावर वजन टाकून स्टॅक करू (दुमडू) लागला तर काय करायचं, हे यातून येत नाही. त्यासाठी वेगळा वेळ काढावाच लागतो.

ट्रँगलचा फायदा मला जास्त झाला. दाब मानेच्या दोन्ही बाजूंना लागतो, एकीकडून माझी मांडी, दुसरीकडून त्याचाच खांदा. समोरासमोर पडून राहिलं तर तो नीट बसत नाही, कोन घ्यावा लागतो. आणि तो कोन घ्यायची सवय रोजच्या ड्रिलने लागली. पाय बंद करताना नडगी धरून खेचायची, पाऊल कधीही नाही, घोट्यावर ताण येतो.

तिन्ही सबमिशन सुटी करण्यापेक्षा साखळीत करा. जोडीदाराने आर्मबारमधून कोपर ओढून घेतलं की ट्रँगल, ट्रँगलमध्ये त्याने हात बाहेर सरकवला की ओमोप्लाटा. पण ते ओढणं त्याने मनापासून करायला हवं. ‘ताई, किती जोर लावू?’ असं विचारणारा कॉलेजचा मुलगा मला सर्वांत आवडतो. आमचं उत्तर ठरलेलं आहे: पहिली फेरी काहीच विरोध नाही, दुसरीत फक्त योग्य दिशेला हालचाल, तिसरीत निम्मी ताकद. ढिला पडून राहणारा जोडीदार आणि पहिल्याच फेरीत झुंजायला लागणारा जोडीदार, दोघांकडूनही वेळ फुकट जातो. अगदी नवख्यांना मात्र मी आधी काही आठवडे नुसतं श्रिंपिंग आणि एकच पास द्यावा असं म्हणेन; एकदम सहा ड्रिल्स म्हणजे त्यांचं सगळं लक्ष हात कुठे ठेवायचा यातच जातं.

किरकोळ पण महत्त्वाचं: नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी. जिगसॉ मॅट असतील तर टोरिआंडोने त्यांच्या फटी उघडतात आणि पायाची बोटं अडकतात, तेव्हा मधूनमधून मॅट दाबून घ्या. संख्या विषम असेल तर तिघांचा गट करा. तिसऱ्याने फक्त खालच्याची कंबर बघायची आणि ती मोकळी झाली की ओरडायचं; बघूनही बरंच शिकायला मिळतं.

पुढच्या महिन्यापासून सर हाफ गार्डचा (खालच्याने आपला एकच पाय स्वतःच्या पायांत अडकवून ठेवलेला असतो त्या स्थितीचा) पास यात जोडणार आहेत. नी कट अडकला की आपण बहुतेक वेळा हाफ गार्डमध्येच येतो, म्हणून त्याचं वेगळं ड्रिल न करता तो नी कटच्या तिसऱ्या फेरीतच घ्यावा, असं मी त्यांना सुचवलं आहे.