एनजिनएक्सचं डेबियन पॅकेज: छान चालतं, पण लॉगचा फोल्डर कोणाच्या नावावर आहे ते बघा

सांगली मार्केट यार्डातल्या चार-पाच अडत दुकानांच्या साइट, रोजचे हळद-बेदाण्याचे भाव आणि थोडे फोटो. एवढ्या कामाला एक-दोन जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर आणि डेबियन या लिनक्ससोबत येणारं एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर पुरेसं आहे. वेगाबद्दल तक्रारच नाही. जपायचं ते लॉगपाशी, म्हणजे भेटी आणि चुकांची नोंद ठेवणाऱ्या फाइलींपाशी.

वेबचे पोर्ट ८० आणि ४४३ घ्यायचे म्हणून एनजिनएक्सची मुख्य, म्हणजे मास्टर प्रोसेस रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) हक्काने चालते. पानं देणारे वर्कर मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या साध्या युजरचे. २०१६ ची सीव्हीई-२०१६-१२४७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही त्रुटी बरोबर या दोघांच्या मधली. पॅकेजने लॉगचा फोल्डरच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावावर ठेवला होता. एखाद्या साइटच्या कच्च्या पीएचपीतून कोणी आत शिरला, की एरर लॉग काढून तिथे सिस्टिमच्या फाइलकडे नेणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवू शकत होता. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटने यूएसआर१ हा ‘लॉग पुन्हा उघड’ सांगणारा सिग्नल दिला की मास्टर लॉग पुन्हा उघडते, फाइल नसेल तर बनवते आणि वर्करच्या युजरच्या नावे करते. म्हणजे रूटच आपल्या हाताने किल्ली देऊन मोकळा!

डेबियन ८ मध्ये १.६.२-५+डेब८यू३ या आवृत्तीत फोल्डर रूटच्या नावावर गेला. दुरुस्ती चोख आहे. पण साइट उभी करून देणारे लॉग साइटच्याच फोल्डरात वळवतात, आणि अपलोड अडलं की सगळ्या फोल्डरावर सरसकट चाऊन-आर (आतल्या सगळ्याचा मालक बदलणारी कमांड) मारून तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावे करतात. तिथे तेच भोक पुन्हा पडतं, पॅकेज कितीही नवं असो. लॉगची फाइल वर्करच्या नावे असली तरी चालते. ती हटवून दुसरं काही ठेवायचा हक्क फोल्डरवरच्या राइट परवानगीतून येतो. कर्नलचं प्रोटेक्टेड-सिमलिंक्स सेटिंगही इथे कामाला येत नाही, ते टेम्पसारख्या सर्वांना खुल्या, स्टिकी (दुसऱ्याची फाइल हटवता न येणाऱ्या) फोल्डरांपुरतं आहे.

म्हणून सर्व्हर ताब्यात घेताना एनजिनएक्स -टी (मोठा टी, सगळं कॉन्फिग छापतो) चालवून सगळ्या ॲक्सेस-लॉग आणि एरर-लॉगच्या ओळी काढा. प्रत्येक पत्त्यावर नेमआय -एल (वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक दाखवणारी कमांड) चालवा. वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक रूट हवा. मधला एक जरी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाचा निघाला तरी तो बाजूला सारून नवा ठेवता येतो. असा निघाला तर लॉग साइटच्या बाहेर, व्हार-लॉगखाली हलवा. फोल्डर रूट युजर आणि एडीएम ग्रुपच्या नावे, परवानगी ७५५ (लिहिणार फक्त मालक). मग एनजिनएक्स -टी (छोटा टी) ने तपासून रीलोड करा, आणि लॉगरोटेटमध्येही नवा पत्ता घाला, नाहीतर डिस्क भरेल.

पाचपैकी साडेचार.