जंबेरी, रंगपूर, क्लिओपात्रा की कॅरिझो? खुंट ठरवण्याआधी

संत्रा-मोसंबीसारख्या लिंबूवर्गीय झाडांचं कलम ज्या रोपावर बांधतात, तो खुंट. वरच्या चारही खुंटांची रोपं एकाच दिवशी पिशव्यांत लावली, तर जंबेरी हमखास पुढे जाते. कॅरिझो तिच्या पाठोपाठ, रंगपूरही फारशी मागे नाही. क्लिओपात्रा मात्र रेंगाळते. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की डोळा भरता येतो (हव्या त्या जातीची कळी खुंटावर बसवता येते), म्हणून रोपवाटिकांना जंबेरी प्रिय. बाग लावणाऱ्याने मात्र या शर्यतीवर फार जाऊ नये.

वेगाचं बरंचसं कारण मुळांत आहे. जंबेरी आणि कॅरिझोच्या मुळांतून पाणी सहज वर चढतं, क्लिओपात्राच्या मुळांतून कमी. शिवाय लिंबूवर्गीय मुळांवर मूलरोम तोकडे आणि विरळ असतात. त्यामुळे स्फुरद आणि जस्तासाठी मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीची साथ लागते. क्लिओपात्राला ती जास्त लागते, कॅरिझोला कमी. निर्जंतुक केलेल्या मातीत क्लिओपात्रा खुजी राहिली, तर आधी ही बुरशी आहे का ते पाहा. वर स्फुरदाचा भडिमार केला, तर बुरशी मुळांत नीट शिरतच नाही.

खरा फरक चुना आणि क्षार दाखवतात. चुनखडीच्या जमिनीत कॅरिझोला लोह उचलता येत नाही: शेंड्याचं कोवळं पान पिवळं, त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी. कॅरिझो संकरित आहे आणि हा दोष तिला तिच्या एका पालकाकडून, त्रिपर्णी संत्र्याकडून आला आहे. कोकोपीट भरलेल्या पिशवीत तो दिसतही नाही, लागवडीनंतर उघडा पडतो. जंबेरी, रंगपूर आणि क्लिओपात्रा चुना बऱ्यापैकी सोसतात.

खारट पाण्यात तर ‘उचल जास्त’ हाच दोष ठरतो. कॅरिझो क्लोराइड पानांपर्यंत पोचू देते आणि जुन्या पानांची टोकं करपतात. रंगपूर आणि क्लिओपात्रा ते बरंचसं मुळांतच अडवतात. जंबेरीचा इथे भरवसा धरू नका.

मग घ्यायचं काय? पाणी खारट असेल तर रंगपूर. फळासाठी थांबायची तयारी असेल तर क्लिओपात्रा. हलकी, वाळूसर, पाण्याचा ताण पडणारी जमीन असेल तर जंबेरी, पण तिच्यावरच्या फळाला गोडी कमी, हे धरून चाला. चुना नाही, पाणी गोडं आणि डिंक्याची (खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाची) भीती, असं असेल तर माझं मत सरळ कॅरिझोला. चुनाही आहे आणि पाणीही साचतं, अशा ठिकाणी चौघांपैकी एकही नको. आधी निचरा सुधारा.

ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग चौघंही सोसतात. कलमाच्या डोळ्यांतून पसरणाऱ्या एक्सोकॉर्टिस रोगाला मात्र रंगपूर आणि कॅरिझो बळी पडतात, तेव्हा डोळे रोगमुक्त मातृवृक्षाचेच हवेत. रोपं घेताना पिशवी फाडून एखाद्याचं सोटमूळ पाहा. तळाशी पीळ पडलेला असेल तर तो लॉट सोडा. वेगळ्याच पानांची, खुरटी किंवा अति जोमदार रोपं खुंटाच्या मातृवृक्षासारखी नसण्याची शक्यता असते. तीही बाजूला काढायला सांगा.