कणे कापलेले खंड आणि न उघडणारे डीओआय

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमच्या संस्थेच्या त्रैमासिकात रिद्धपूर आणि महानुभाव पोथ्यांवरचे लेख, कोलामी-गोंडी गाणी, वऱ्हाडी म्हणी असं बरंच छापून आलं. जुन्या अंकांचा एकच संच उरला होता. तो डिजिटल करून देतो म्हणून आलेल्या कंपनीनं काय केलं, ते इतर कॉलेजांना कळावं म्हणून लिहितेय.

ही माणसं मार्चमध्ये आली, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या तोंडावर. 31 तारखेच्या आत निधी खर्ची टाकायची घाई असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नमुना सुरेख दाखवला: शब्द टाका, पान समोर. पण तो ताज्या, संगणकावरच जुळवलेल्या अंकाचा होता. खिळे जुळवून छापलेल्या पिवळ्या पानाला त्यांनी हातही लावला नव्हता. तुमच्याकडे कुणी आलं तर शाई फुटलेलं, बारीक तळटीपांचं, सगळ्यांत वाईट पान पुढे ठेवा आणि तुमच्यासमोर करून दाखवा म्हणा.

बांधीव खंड नागपूरला नेले. परत आले ते कणे कापून, पानं सुटी, शिवणीजवळची अक्षरं गेलेली. आमचे शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, हे काय करून ठेवलं जी यायनं!" पानं मशीनमधून भराभर ओढता यावीत म्हणून असं कापतात. पैसे कधीतरी भरून निघतील, ती अक्षरं कुठून आणायची? खंड इमारतीबाहेर जाणार नाहीत, न कापता वरून कॅमेऱ्यानंच पानं टिपायची, हे करारात लिहून घ्याच.

पीडीएफमध्ये 'लीळाचरित्र' शोधलं, काहीच सापडेना. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला तर निरर्थक रोमन अक्षरं. मराठी ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर बनवणारं तंत्र, चालवलंच नव्हतं; टेसरॅक्टसारखं मोफत सॉफ्टवेअरही मराठी वाचतं. स्कॅन केलेल्या पानांच्या मूळ चित्रांच्या टिफ फाइली मागितल्या तर "सर्व्हरवर आहेत" एवढंच उत्तर.

प्रत्येक लेखाखाली 10 नं सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक होता. डीओआय डॉट ऑर्गवर टाकून पाहिले, एकही उघडला नाही. खरे डीओआय क्रॉसरेफसारख्या नोंदणी संस्थेमार्फतच मिळतात. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, 'काढून देण्याचे' पैसेही बिलात होते. तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो.

अंक ठेवलेल्या संकेतस्थळाचं डोमेन, म्हणजे त्याचा पत्ता, कंपनीच्या मालकाच्या नावावर निघालं. पुढच्या वर्षी होस्टिंगचे वाढीव पैसे मागितले, आम्ही नाकारले, साइट बंद. करारात बारीक अक्षरात सगळ्या मजकुराचे हक्क कंपनीला दिल्याचं कलम होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि आमच्या लेखकांनी असं काहीही लिहून दिलेलं नव्हतं. वकिलांनी तेच नोटिशीत मांडलं. उत्तर आलेलं नाही, पोलिसांत तक्रार दिली आहे.

डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या. नियतकालिकासाठी ओजेएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, जवळच्या विद्यापीठातलं कुणी ते बसवूनही देईल. टिफ फाइलींची हार्ड डिस्क हातात येऊन, त्यातली मधलीच कुठलीही पानं उघडून तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.